ठिसूळ हाड आणि कृत्रिम सांधा

खुब्याचा सांधा उखळीसारखा असतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीराच्या खोलगट उखळीत बसतो व सर्व दिशांना फिरू शकतो. उतारवयात हाडातील खनिज द्रव्ये घटतात आणि आतील जाळीदार रचना विरळ होते. या विकारास अस्थिविरलता म्हणतात. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांत तो विशेष आढळतो. अशा हाडाची मान साध्या पडण्यानेही मोडते. माथ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेलगतच असल्यामुळे त्याही तुटतात आणि माथा निर्जीव होण्याचा संभव असतो. अशा वेळी पुष्कळदा सांधा बदलणेच हितकर ठरते.

परंतु कृत्रिम सांध्याची धातूची दांडी कितीही मजबूत असली, तरी तिला धरून ठेवणारे हाड दुबळेच असते. हाडात दांडी पक्की कशी बसवावी, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी दंतवैद्यकातून घेतले. कवळ्यांसाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक त्यांनी हाडाच्या पोकळीत भरले व त्यात दांडी रोवली. १९६२ मध्ये त्यांनी उखळीसाठी पॉलिएथिलीन वापरले आणि आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. हे ‘सिमेंट’ डिंकाप्रमाणे चिकटत नाही. ते हाडाच्या छिद्रांत शिरून घट्ट होते आणि शरीराचा भार विस्तृत पृष्ठभागावर वाटून देते.

दुसऱ्या पद्धतीत सिमेंट नसते. खडबडीत पृष्ठभागाची दांडी ठोकून घट्ट बसवतात. पुढे हाड वाढून तिला पकडते. निरोगी हाडात ही पद्धत उत्तम चालते. विरळ हाडाला मात्र ठोकतानाच तडा जाऊ शकतो, किंवा दांडी हळूहळू खाली खचते. म्हणून वृद्ध रुग्णांत सामान्यतः सिमेंटच पसंत करतात.

तेही सर्वस्वी निर्धोक नाही. दाबाने सिमेंट भरताना मज्जेतील चरबीचे कण रक्तात शिरतात. क्वचित रक्तदाब एकाएकी उतरून प्राणावर बेतते. यास्तव पोकळी आधी धुऊन कोरडी करतात आणि भूलतज्ज्ञ त्या क्षणी विशेष दक्ष असतात.

शस्त्रक्रियेने सांधा बदलतो, हाडांचा विकार बरा होत नाही. पुरेसे कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व, हाडांची झीज रोखणारी औषधे व नियमित चालणे यांकडे दुर्लक्ष झाल्यास दांडीभोवतीचे हाड किंवा दुसरा खुबा मोडण्याचा धोका कायम राहतो. शस्त्रक्रियेचे यश टिकवायचे असेल, तर हाडांवरील हा उपचार पुढेही चालू ठेवावा लागतो.