घरी जोडलेल्या संगणकाची स्मृती

तयार संगणक विकत घेणाऱ्यास त्याचा कोणता भाग कोणत्या भागाशी जुळतो याचा विचार करावा लागत नाही. तो कारखान्यात आधीच झालेला असतो. परंतु मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट येथून सुटे भाग आणून जो स्वतःच्या हातांनी यंत्र उभे करतो, त्याच्यावर ही जबाबदारी सर्वस्वी येऊन पडते. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची निवड बहुतेक लोक काळजीपूर्वक करतात. स्मृतीची, म्हणजे बाजारात जिला रॅम म्हणतात तिची निवड मात्र ‘सोळा जीबी द्या’ एवढ्या शब्दांत उरकली जाते. २०२५ सालाच्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड गणनकेंद्रांकडे स्मृतीचा पुरवठा वळला आणि रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. तेव्हापासून हा निष्काळजीपणा अधिकच महाग झाला आहे. त्यातून फोडलेले पाकीट दुकानदार सहसा परत घेत नाही.

रॅमची पट्टी म्हणजे हिरव्या किंवा काळ्या फळीवर बसविलेल्या काही चिपा होत. प्रत्येक चिपेत असंख्य सूक्ष्म घरे असतात. एका घरात एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, म्हणजे विद्युद्भार धरून ठेवणारे इवलेसे पात्र, एवढीच सामग्री असते. भार आहे तर एक, नाही तर शून्य. ही रचना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधून काढली व तिचे एकस्व त्यांना १९६८ साली मिळाले. हे पात्र गळके असते. म्हणून सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी अवधीत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावे लागते. सोळा जीबीच्या स्मृतीत अशी तेरा हजार सातशे कोटींहून अधिक घरे असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रोसेसर आणि पट्टी यांच्यातील मेळ किती काटेकोर असावा लागतो याची कल्पना येईल.

पहिला प्रश्न पिढीचा. सध्या बाजारात डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन पिढ्यांच्या पट्ट्या प्रामुख्याने मिळतात. पहिलीचे प्रमाण २०१२ साली आणि दुसरीचे २०२० साली प्रसिद्ध झाले. दोहोंना २८८ संपर्कबिंदू असल्यामुळे त्या वरवर सारख्या दिसतात. पण कडेवरील खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या स्लॉटात बसत नाही. ही खाच मुद्दामच हलविलेली आहे. डीडीआर-४ला १.२ व्होल्ट दाब लागतो, डीडीआर-५ला १.१; शिवाय नव्या पिढीत दाबाचे नियमन मदरबोर्डावर न होता पट्टीवरच होते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये, एवढेच येथे सांगणे पुरे.

कोणती पिढी घ्यावी हे ठरविणारा मालक नव्हे, तर मदरबोर्ड व प्रोसेसर होत. एएमडी कंपनीच्या २०२२ साली आलेल्या एएम-५ बैठकीवर केवळ डीडीआर-५ चालते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या मालिकेतील प्रोसेसर दोन्ही पिढ्या चालवू शकतात, पण मदरबोर्ड बहुधा कोणत्या तरी एकीसाठीच बनविलेला असतो. येथेच अनेकांची फसगत होते, कारण एकाच नावाचा बोर्ड दोन रूपांत विकला जातो व फरक नावाच्या शेवटी एखाद्या अक्षराचा असतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे जी पट्टी बसते पण चालत नाही. जुन्या सर्व्हरांतून निघालेल्या डीडीआर-४च्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या जुन्या मालाच्या बाजारात स्वस्त मिळतात. त्या घरगुती बोर्डाच्या स्लॉटात नीट बसतात, आणि संगणक सुरूच होत नाही. घरगुती यंत्रास ‘अनबफर्ड’ पट्टी हवी असते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, त्यामुळे तिच्याविषयी निदान घोटाळा होत नाही.

आता वेगाकडे वळू. पाकिटावरील ६००० हा आकडा सेकंदाला साठ कोटी दशके, म्हणजे सहाशे कोटी, देवघेवी दर्शवितो. त्याच्या शेजारी ‘सीएल ३०’ असे लिहिलेले असते व ग्राहक त्याकडे बहुधा दुर्लक्ष करतो. घड्याळाची किती स्पंदने थांबावे लागेल ते हा आकडा सांगतो. स्पंदनांची संख्या देवघेवींच्या निम्मी असल्याने ६००० वेगाच्या पट्टीत तीस स्पंदने म्हणजे दहा नॅनोसेकंद होतात. डीडीआर-४ची ३२०० वेगाची, सीएल १६ची पट्टी घेतली तरी उत्तर दहा नॅनोसेकंदच येते. नवी पट्टी एका खेपेत अधिक माल वाहते, पण पहिला दाणा हाती पडण्यास तेवढाच वेळ लागतो. उलट ५६०० वेगाची सीएल ४६ची पट्टी सोळा नॅनोसेकंदांहून अधिक घेते. म्हणून केवळ मोठा आकडा पाहून पैसे मोजणे शहाणपणाचे नव्हे.

शिवाय हा वेग आपोआप मिळत नाही. पट्टी बसवून यंत्र सुरू केले की ते सुरक्षित व मंद अशा सामान्य वेगाने चालते. निर्मात्याने पट्टीत नोंदवून ठेवलेला अधिक वेग बायॉसमध्ये जाऊन निवडावा लागतो. या नोंदीस इंटेलच्या परिभाषेत एक्सएमपी व एएमडीच्या परिभाषेत एक्स्पो म्हणतात. कित्येक यंत्रे वर्षानुवर्षे मंद वेगाने चालत राहतात, कारण हे कोणी मालकाला सांगितलेलेच नसते. मात्र हा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडचा असतो आणि तो प्रत्येक यंत्राला पेलेलच असे नाही.

पट्ट्यांच्या संख्येचाही येथे संबंध येतो. प्रोसेसरपासून स्मृतीकडे दोन वाटा असतात. म्हणून एक बत्तीस जीबीची पट्टी घेण्यापेक्षा सोळाच्या दोन घेणे उत्तम. चार स्लॉटांच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात बसवावयाच्या असतात. पुढे गरज पडली तर आणखी दोन घेऊ, असा हिशेब पुष्कळ जण करतात. संसारी माणसाला तो पटण्याजोगा आहे, पण डीडीआर-५च्या बाबतीत तो अंगाशी येतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांसाठी अधिकृत वेग ५२०० आहे. चार पट्ट्या लावताच तो ३६००वर उतरतो. म्हणून लागणारी सगळी स्मृती आरंभीच दोन पट्ट्यांत घ्यावी, आणि त्या दोन्ही एकाच पाकिटातल्या असाव्यात. त्याच नावाची पट्टी वर्षभराने आणली तर आतील चिपा निराळ्या कारखान्याच्या निघू शकतात; लेबल तेच, स्वभाव वेगळा.

मदरबोर्डाचे निर्माते तपासून पाहिलेल्या पट्ट्यांची यादी प्रसिद्ध करतात. ती अवश्य पाहावी, आणि चाचणी दोन पट्ट्यांवर झाली की चारांवर तेही पाहावे. यादीत नसलेली पट्टी चालणारच नाही असे नव्हे. सर्व पट्ट्या तपासणे कोणालाच शक्य नसते. २०२३ साली आलेल्या चोवीस व अठ्ठेचाळीस जीबीच्या पट्ट्यांसाठी मात्र जुन्या बोर्डाचा बायॉस अद्ययावत करावा लागतो. जाता जाता पट्टीवरील हीटसिंकची उंचीही मोजून घ्यावी, नाही तर प्रोसेसरवरील मोठा पंखा तिच्यावर टेकतो.

जोडणी झाल्यावर एएम-५चे यंत्र प्रथम सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहतो. या अवधीत प्रोसेसर पट्टीशी संकेतांचा ताळमेळ बसवीत असतो. यंत्र बिघडले असे समजून घाईने वीज बंद करणारे पुष्कळ आहेत.

यंत्र सुरू झाले म्हणजे सारे जुळले, असेही मानता येत नाही. सर्वांत वाईट स्मृती ती, जी क्वचित चुकते. हजारो कोटी घरांपैकी एखादे चुकीचे उत्तर देते आणि तेच उत्तर पुढे डिस्कवर लिहिले जाते. मुलांची छायाचित्रे, दुकानाचे हिशेब, विद्यार्थ्याचा प्रबंध यांत चूक शिरते, आणि ती उघडकीस येईपर्यंत राखीव प्रतीही तशाच सदोष झालेल्या असतात. डीडीआर-५च्या चिपेत दोषदुरुस्तीची योजना असते हे खरे. पण ती चिपेच्या पोटापुरतीच असते, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर होणाऱ्या चुका तिला दिसत नाहीत. जाहिरातींत हा भेद सांगितला जात नाही. यास्तव मौल्यवान असे काही यंत्रात ठेवण्यापूर्वी मेमटेस्ट-८६ यासारखा विनामूल्य मिळणारा तपासणी-कार्यक्रम रात्रभर चालवावा. सकाळी एकही चूक दिसली तरी प्रथम वेगाची निवड रद्द करून सामान्य वेगावर पुन्हा तपासावे. तरीही चूक राहिली तर एकेक पट्टी वेगळी लावून दोषी कोणती ते शोधावे, आणि हमीची मुदत शिल्लक असेतो पट्ट्यांचे संपूर्ण पाकीट बदलून मागावे.