माहिती चौकट : भंडाऱ्याच्या मजकुराची लावणी

वर्ग विषयाचा, टॅग तालुक्याचा

स्थिर संकेतस्थळाची पानं आधीच तयार असतात. वाचक आला की डेटाबेसला विचारणा होत नाही. जेकिल (२००८) आणि ह्यूगो (२०१३) ही त्याची परिचित साधनं. थीम रूप देते, पण लावणी ठरते लेखाच्या माथ्यावरच्या नोंदींवर : शीर्षक, तारीख, वर्ग, टॅग. भंडारा जिल्ह्यात तालुके सात (भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर), म्हणून वर्गही सात करावेसे वाटतात. पण वैनगंगा यांतल्या एका तालुक्यापुरती वाहत नाही, आणि सीमाही कायमच्या नसतात : १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, नवेगावबांध हे गाव तिकडे गेलं. जेकिलमध्ये वर्गाचं नाव मुळात पानाच्या पत्त्यातच उतरतं. पुढे ते बदललं की जुने दुवे तुटतात. म्हणून धान, पितळ, कोसा, तलाव हे वर्ग टिकाऊ. वाचक गावाच्या नावानं शोधतो, हा आक्षेप खराच. पण टॅगचं पान ते काम करतं, आणि एका लेखाला हवे तितके तालुके जोडता येतात.

सेटिंग फाइलमध्ये भाषा मराठी नोंदवावी. वेळेचा पट्टा आशिया/कोलकाता हवा. तो राहिला आणि सर्व्हर ग्रिनिच वेळेवर चालला, तर सकाळी सहाचा लेख साडेअकरापर्यंत भविष्यातला ठरतो. दोन्ही साधनं असे लेख सहसा गाळतात. साडेअकरानंतरही साइट पुन्हा बांधल्याशिवाय तो दिसत नाही.