ट्रॅक्टरचे दोन ब्रेक

हुबळी-धारवाडच्या काळ्या रानात औत वळविताना शेतकरी आतल्या बैलाचा कासरा ओढून त्यास जागीच थोपवितो व बाहेरच्या बैलास फिरू देतो. ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांना स्वतंत्र ब्रेक असतात, त्यांचा शेतातील उपयोग हाच होय.

भुसभुशीत मातीत पुढची चाके वळविली तरी ती पुढेच घसरत जातात. अशा वेळी आतल्या बाजूचा ब्रेक दाबला की ते चाक थांबते. डिफरन्शियल ही दातेरी चक्रांची रचना गती बाहेरच्या चाकास देते व ट्रॅक्टर थोड्या जागेत वळतो.

क्रम मात्र चुकवू नये. तास संपताच वेग कमी करावा, नांगर उचलावा, स्टिअरिंग फिरवावे, मगच ब्रेक हळूहळू दाबावा. डिफरन्शियल लॉक लावलेला असता असे वळू नये. सदा एकाच बाजूस वळल्याने त्या बाजूचा ब्रेक अधिक झिजतो. म्हणून दोन्ही सारखे धरतात की नाही, हे वरचेवर पाहावे.

खरा धोका शेताबाहेर आहे. डांबरी रस्त्यावर भरधाव असता एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर एकाएकी एका अंगास फिरून उलटू शकतो व चालक त्याखाली सापडतो. हे टाळण्यासाठी दोन्ही पेडले एकत्र जोडणारी कडी दिलेली असते. रस्त्यास लागण्यापूर्वी ती लावलीच पाहिजे. आम्ही शिक्षक शेतकऱ्यांच्या मुलांना एवढेच सांगतो : वडील शेतातून निघताना विचारा, "कडी लावली ना?"