नव्या तळ्यांतील पाणी आणि त्याचें उष्णमान

शेततळ्यास प्लॅस्टिकचें अस्तर घालावें, पंपानें तें भरून घ्यावें आणि आठ दिवसांच्या आंत त्यांत रोहू-कटल्याचें बीज सोडावें, अशी घाई आपल्या भागांत अनेकजण करितात. पुढें थोड्याच दिवसांत मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात व एकामागून एक मरतात. दोष बीज विकणाऱ्याच्या माथीं मारला जातो. पाणी तर तळ दिसेल इतकें निर्मळ असतें. वस्तुतः तें फारच निर्मळ असतें, हाच त्याचा दोष होय.

मासे आपल्या कल्ल्यांवाटें अमोनिया पाण्यांत सोडीत असतात व न खाल्लेलें खाद्य कुजून त्यांत भर पडते. हा अमोनिया माशांस विषारी आहे. एका जातीचे सूक्ष्म जिवाणू त्याचें नायट्राइट बनवितात, तेंही घातक. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचें नायट्रेट करितात, तें पुष्कळसें निरुपद्रवी असतें. वाचकांस ही क्रिया नवी नाहीं. शेतांत टाकलेलें शेणखत किंवा अमोनियम सल्फेट पिकाच्या उपयोगीं पडतें तें बहुतांशीं ह्याच मार्गानें. हें काम जिवंत प्राण्यांचें आहे, केवळ रासायनिक नाहीं, असें श्लेसिंग व म्युंट्झ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं दाखविलें. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की ह्यांनीं ते जिवाणू वेगळे काढिले. जुन्या तळ्याच्या गाळांत ते मुबलक असतात. नव्या प्लॅस्टिकवर किंवा नव्या सिमेंटच्या टाकींत ते जवळजवळ नसतातच, आणि त्यांची वाढ मंद असते. सामान्य जिवाणू अर्ध्या तासांत दुप्पट होऊं शकतात; ह्यांस अर्धा ते एक दिवस, कित्येकदां त्याहूनही अधिक लागतो.

हा प्रकार अगदीं उघड पाहावयाचा असेल तर समुद्राच्या पाण्याची कांचेची टाकी पाहावी. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून असल्या टाक्यांची ओळख आपल्याकडील पुष्कळांस आहे. अशी नवी टाकी राखणारा जाणता मनुष्य पहिले चार ते सहा आठवडे तींत मासा सोडीत नाहीं. तो थोडा अमोनिया मुद्दाम घालितो व मोजीत बसतो. प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढतें, शेवटीं दोन्ही शून्यावर येऊन केवळ नायट्रेट उरतें. तेव्हां टाकी तयार झाली. ह्या काळांत पाणी २५ ते ३० अंश सेंटिग्रेड असल्यास काम झपाट्यानें होतें. १८ अंशांवर तें निम्म्यावर येतें, १० च्या खालीं जवळजवळ थांबतें, आणि ४० च्या पुढें जिवाणूच दगावूं लागतात. म्हणून कांहींजण रिकामी टाकी २८ अंशांपर्यंत उबदार ठेवून मासे सोडतांना २५-२६ वर आणितात. उन्हानें पाणी उडालें तर मीठ मागें राहतें. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे.

थंड देशांतील पुस्तकांतून पाणी तापविण्याच्या साधनांचें मोठें वर्णन असतें. आपल्याकडे तें शब्दशः घेणें म्हणजे मे महिन्यांत घोंगडी पांघरण्यासारखें आहे. मुरबाड-शहापुराकडे त्या दिवसांत पारा चाळिसाच्या घरांत जातो आणि उथळ टाकींतील पाणी दुपारीं हातास ऊन लागतें. उष्णतेनें जिवाणूंची वाढ होते हें खरें, परंतु तिचे दोन तोटे माशांस भोगावे लागतात. पहिला प्राणवायूचा. गोड्या पाण्यांत २५ अंशांवर लिटरमागें सुमारें ८.२ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, ३५ अंशांवर सातच्याही कांहींसा खालीं. समुद्राच्या पाण्यांत तर २५ अंशांवरच पावणेसातांच्या आसपास. दुसरा तोटा अधिक गुप्त आहे. पाण्यांतील सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. त्याचा जो भाग मोकळ्या वायुरूपानें असतो तोच मारक. पाण्याचा सामू ८ असतां २५ अंशांवर हा भाग शेंकडा ५ च्या जवळपास, तर ३५ अंशांवर शेंकडा १० असतो. अमोनिया तेवढाच, पण विष दुप्पट.

उघड्या तळ्यांत आणखी एक गोष्ट घडते. पाणी हिरवें झालें कीं शेवाळ स्वतःच बराच अमोनिया खातें, हा लाभच आहे. परंतु दिवसा त्याच्या योगें सामू चढतो. म्हणून विषाची परीक्षा दुपारीं तीन-चारच्या सुमारास करावी, आणि प्राणवायूची पहांटे, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेत असतें. सकाळीं दहा वाजतां एकदांच पाणी तपासून वहींत नोंद करण्यास आम्ही कारकून मंडळी तत्पर असतों खरे. पण मासे आमच्या कचेरीच्या वेळेप्रमाणें मरत नाहींत.

आतां करावयाचें काय? तळें मृगाच्या पावसांत भरूं द्यावें. पावसाळ्यांत आपल्या भागांतील पाणी सहसा जिवाणूंस मानवेल इतकेंच उबदार असतें व उन्हाचा ताप नसतो. ज्या जुन्या तळ्यांत मासे निरोगी आहेत त्यांतील दोन-चार बादल्या गाळ व कांहीं दगड आणून टाकावे. रोगट तळ्यांतील मात्र कदापि आणूं नयेत. थोडें कुजलेलें शेणखत घालून महिनाभर थांबावें. अमोनिया व नायट्राइट मोजण्याच्या तयार पेट्या बाजारांत मिळतात. दोन्ही नाहींसें झाल्यावांचून बीज आणूं नये, आणि प्रथम संपूर्ण बीज न सोडतां थोडें सोडावें, म्हणजे जिवाणूंची संख्या माशांबरोबर वाढते. बीजाची पिशवी बंद स्थितींतच वीस मिनिटें तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडथोडें तळ्यांतील पाणी आंत घ्यावें. ज्यांस उन्हाळ्यांतच टाकी भरणें भाग आहे त्यांनीं तिच्यावर ताडपत्री किंवा नारळाच्या झांवळ्या घालाव्या व दुपारीं खाद्य बंद ठेवावें.