आधी रंधा, मग लेखणी

वासिली बेलोव सुतारकी शिकले ते पुस्तकं लिहिण्याच्या कितीतरी आधी. जन्म १९३२चा, उत्तर रशियातल्या व्होलोग्दा प्रांतातल्या तिमोनिखा या खेड्यातला. वडील महायुद्धात गेले. मुलाने सातवीनंतर सामूहिक शेतीच्या कचेरीत हिशेब लिहिले, मग रंधा हातात घेतला. साहित्याची पदवी मिळाली १९६४मध्ये, तिशी उलटल्यावर!

दोनच वर्षांनी ‘प्रिविच्नोये देलो’ ही लघुकादंबरी आली आणि नाव झालं. नायक इवान आफ्रिकानोविच पहिल्याच पानावर झिंगलेला, आणि गप्पा मारतोय कुणाशी? तर घोड्याशी. घरात पोरांचं लेंढार, सगळी मदार रोगुल्या नावाच्या गाईवर. तिच्यासाठी हा बापडा रात्री जंगलात चोरून गवत कापतो, कारण दिवसा कापलेलं गवत सामूहिक शेतीच्या मालकीचं. एका प्रकरणात तर गाईचंच चरित्र! माझ्या मते पुस्तकातली सर्वांत हळवी पानं हीच.

आणखी एक गंमत, अर्थात भोगणाऱ्यांना ती गंमत नव्हतीच. त्या काळी शहरी माणसाला देशातल्या देशात वापरायचा पासपोर्ट मिळे, खेडुताला सहसा नाही. गाव सोडायचं तर आधी कचेरीतून दाखला हवा. इवान तो मिळवतो, पण विनंती करून नव्हे, चुलीची सळई उगारून. सरकारने नियम बदलायचं ठरवलं तेव्हा १९७४ उजाडलं होतं.

‘लाद’ हे बेलोवचं सर्वांत देखणं पुस्तक. सुतार, लोहार, विहीर खणणारे, लोकरीचे बूट घडवणारे, जवसाचं सूत कातणाऱ्या बायका, सगळे त्यात हजर. उत्तरेकडचं शेतकरी जीवन त्यात जरा जास्तच गोड दिसतं, हे खरं. सामूहिकीकरणाचा घाव पाहायचा तर त्यांची ‘कानुनी’ वाचावी.

सुतारकी त्यांनी सोडली नाही. गावचं पडीक चर्च पुन्हा उभं करताना लाकूडकामाला स्वतः हात लावला.

आणि विनोद? व्होलोग्दाकडच्या थापांचं त्यांचं एक पुस्तक आहे. त्याचं लांबलचक शीर्षक शपथेवर सांगितल्यासारखं बजावतं की या थापा एका चुली बांधणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडून जशाच्या तशा उतरवून घेतल्यात. काही त्याच्या बायकोदेखत, काही ती नसताना.