नडगीवरची जखम आणि बहात्तर तास

दापोलीहून खेडकडे उतरताना किंवा पुढे कशेडी घाटात दुचाकीला अपघात झाला, की पुष्कळदा मार बसतो तो नडगीवर. मांडीच्या हाडाभोवती मांसाचा जाड थर असतो. नडगीच्या आतल्या अंगाला मात्र कातडी आणि हाड यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नसतं. बोटाने चाचपलं तरी कळतं. कातडी फाटली, की हाड उघडं पडतं. उघडं हाड वाळतं, मरतं, त्यात जंतू ठाण मांडतात. मग महिनोन्‌महिने ड्रेसिंग आणि पू, आणि काहींच्या नशिबी शेवटी पाय कापणं.

अशा हाडावर मांडीवरचा कातडीचा पापुद्रा लावून भागत नाही. तो जगतो खालून मिळणाऱ्या रक्तावर, आणि उघडं हाड त्याला रक्त देत नाही. तिथे स्वतःचा रक्तपुरवठा असलेलं जिवंत मांस हवं. जखम गुडघ्याजवळ असेल तर पोटरीचा स्नायू वळवून ती झाकता येते. घोट्याकडे मात्र स्नायू संपून नुसत्या कंडरा उरतात. पूर्वी अशा वेळी दुसऱ्या पायाच्या पोटरीची कातडी अर्धवट सोडवून जखमेवर शिवत आणि दोन्ही पाय सुमारे तीन आठवडे एकमेकांना जखडून ठेवत. कूस बदलायची, शौचाला जायचं, सगळं तशाच अवस्थेत. सोयी नसतील तिथे आजही हा मार्ग धरावा लागतो.

मांसाचा तुकडा मुळापासून सोडवून दूरवर न्यायचा आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडायचा, या कल्पनेच्या आरंभकाळात मुंबईचं नाव ठळक आहे. जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी रुजवणारे डॉ. नोशीर अंतिया आणि त्यांचे सहकारी डॉ. बुच यांनी पोटावरची चरबीयुक्त त्वचा अशा रीतीने चेहऱ्यावर बसवली. तो वृत्तांत १९७१ साली ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. जगात तेव्हा अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी होती. पायाची पाळी आली १९७३ साली. मेलबर्नमध्ये टेलर आणि डॅनियल यांनी जांघेतली त्वचा एका तरुणाच्या घोट्याजवळच्या जखमेवर बसवली.

आज शक्य असेल तिथे दोन चमू एकाच वेळी काम करतात. एक जखमेतलं मेलेलं मांस काढून धडधाकट रोहिणी शोधतो, दुसरा मांडीवरचा किंवा पाठीवरचा फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिन्यांसकट घेतलेला जिवंत तुकडा, सोडवतो. जोडायच्या वाहिन्या जेमतेम एक ते तीन मिलिमीटरच्या आणि टाक्यांचा धागा केसाहूनही बारीक, म्हणून मायक्रोस्कोप. रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडले, की पांढुरका पडलेला फ्लॅप गुलाबी होतो, कडेतून रक्त पाझरू लागतं. पुढचे दोन-तीन दिवस नर्स वारंवार बोटाने दाबून रंग परत कसा येतो ते पाहते. निळसर झाला तर नीला तुंबलेली, फिका पडला तर रोहिणी. मग रात्री दोन वाजतासुद्धा रोग्याला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.

सगळ्यात निर्णायक ठरतो वेळ. तत्कालीन युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियानाचे सर्जन मार्को गोदिना यांनी ५३२ रोग्यांचा हिशेब मांडला. बहात्तर तासांच्या आत झाकलेल्या जखमांत फ्लॅप फसण्याचं प्रमाण ०.७५ टक्के होतं. तीन दिवस ते तीन महिने या काळात शस्त्रक्रिया झालेल्यांत ते १२ टक्क्यांवर गेलं. हा लेख १९८६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी गोदिना स्वतः रस्त्यावरच्या अपघातात गेले. व्हॅक्यूम ड्रेसिंगमुळे आज ही मुदत थोडी ताणता येते, पण मनमानी नाही.

दापोलीपासून मुंबई सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी जखम धुणं, स्वच्छ झाकणं, अँटिबायोटिक लगेच सुरू करणं, पाय फळीला बांधणं जितकं मोलाचं, तितकाच मोलाचा प्लास्टिक सर्जनला पहिल्याच दिवशी केलेला फोन. हाडात रॉड घालून झाल्यावर, जखम काळी पडल्यावर त्याला बोलावणं म्हणजे हातातले दिवस घालवणं.

प्रत्येक पाय वाचवावाच असंही नाही. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलने त्यासाठी गुणपद्धती तयार केली, इजा जितकी गंभीर तितके गुण जास्त: १४ किंवा कमी गुण असले तर पाय राखावा, १७ किंवा जास्त असले तर कापणं बरं, मधल्या रोग्यांत अनुभवी डॉक्टरांनी ठरवावं. हर्णैला होडीवर जाणाऱ्या माणसाला हाड जुळेपर्यंत कित्येक महिने घरी बसणं परवडेल का, हेही तेव्हाच मोकळेपणाने विचारायला हवं. आणि घरी गेल्यावर रोज फ्लॅप नीट पाहावा. त्या कातडीला बराच काळ स्पर्श कळत नाही, त्यामुळे चपलेच्या पट्ट्याने फोड आला तरी समजत नाही.