दंतवल्काची घडण

मनुष्याच्या शरीरांत सर्वांत कठीण पदार्थ कोणता, असें विचारल्यास पुष्कळ जण हाडाचें नांव घेतील. परंतु तो मान दांतावरील शुभ्र कवचाचा, म्हणजे दंतवल्काचा आहे. त्याच्या वजनांत शेंकडा सुमारें ९६ भाग खनिज असतें. तथापि हें कठीण कवच घडतें मात्र मृदु प्रथिनांच्या साहाय्यानें. उंदरांवरील प्रयोगांवरून ही गोष्ट कशी स्पष्ट झाली, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढतात. म्हणून दंतवल्काच्या घडणीच्या सर्व अवस्था एकाच दांतांत पाहावयास मिळतात. प्रथम विशिष्ट पेशी प्रथिनें बाहेर सोडतात. त्यांत अ‍ॅमेलोजेनिन हें मुख्य होय. कमान बांधतांना तिच्याखालीं लांकडी आधार देतात व ती पक्की होतांच तो काढून घेतात. तद्वत् हीं प्रथिनें खनिजाच्या स्फटिकांच्या वाढीस आधार देतात, व पुढें कांहीं विकरें त्यांचे तुकडे करून तीं नाहींशीं करितात.

यांतील एखादी पायरी चुकली तर? ज्या उंदरांत अ‍ॅमेलोजेनिन मुळींच होत नव्हतें, त्यांचें दंतवल्क पातळ व विस्कळित झालें, असें २००१ सालीं आढळलें. केएलके-४ नामक विकर नसलेल्या उंदरांत कवच पुरेसें जाड झालें. परंतु प्रथिनें आंतच राहिल्यामुळें तें मऊ राहिलें, असें २००९ सालीं दिसून आलें. म्हणजे आधार देणें जितकें अगत्याचें, तितकेंच तो वेळेवर काढणेंहि!

२०१० सालीं वर्णिलेला दोष याहून सूक्ष्म आहे. अ‍ॅमेलोजेनिनच्या साखळींत ६४ व्या स्थानीं टायरोसिनऐवजीं हिस्टिडिन आलें, एवढाच फरक; पण तें प्रथिन पेशींतून बाहेर पडेना, आंतच सांचलें व पेशी मरूं लागल्या. हा दोष जनुकाच्या एकाच प्रतींत असलेल्या माद्यांस फेनिलब्युटिरेट हें औषध दिलें असतां त्यांचें दंतवल्क सुधारलें, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें.

माणसांतहि अशाच उत्परिवर्तनांमुळें कांहीं मुलांचे दांत पिवळट, खडबडीत व ठिसूळ होतात. आपला दांत हिरडींतून वर येईतों दंतवल्क घडविणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. त्यामुळें हें कवच पुन्हां उगवत नाहीं. यास्तव एखाद्या सोबत्याचे दांत असे दिसल्यास ‘हा दांत घांसत नाहीं’ असें म्हणून त्यास हिणवूं नये. त्यास दंतवैद्याकडे जाण्याची सल्ला द्यावी, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.